नटिंगसाहेब, आमची मुलं ‘जाणार का’ विचारत नाहीत, ‘कधी जाणार’ विचारतात

पिट्सबर्ग, १५ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. बॉब नटिंग, मालक
श्री. बेन चेरिंग्टन, जनरल मॅनेजर
पिट्सबर्ग पायरेट्स बेसबॉल संघ

स. न. वि. वि.

पत्र मराठीत का, याचा खुलासा आधी करते. इंग्रजीत तुम्हाला भरपूर सांगून झालंय. यंदा एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला लोकांनी विमानामागे फलक बांधून ‘संघ विका’ असं आकाशात लिहून दाखवलं. स्टेडियममधल्या घोषणा तर तुम्ही कानांनी ऐकल्यात. त्यातून काही हललं असेल तर ते अजून खाली आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून म्हटलं, ज्या भाषेत मला नीट रागावता येतं त्या भाषेत एकदा लिहावं. शिवाय हे पत्र तुमच्याइतकंच पेन हिल्सच्या व्यंकटेश मंदिराच्या पार्किंगमध्ये दर रविवारी पायरेट्सवर चर्चा करणाऱ्या मंडळींसाठीही आहे. भाषांतराची काळजी करू नका. एक वर्षाच्या करारावर माणूस सहज मिळेल, आणि तसे करार तुमच्या सवयीचे आहेत.

मी मूळची सांगलीची. २००४ साली इथे शिकायला आले. क्रिकेट सोडून दुसरा खेळ माहीत नव्हता, पण वर्गातल्या मुलींबरोबर एका संध्याकाळी क्लेमेंटे पुलावरून चालत मैदानात गेले. सामन्याच्या दिवशी तो पूल गाड्यांना बंद असतो, माणसं मधोमध चालतात, आणि समोर नदीपलीकडे तुमचं मैदान दिसतं. त्या दिवशी खेळ काडीचा कळला नाही. मात्र पाचव्या इनिंगनंतर मोठाले पिरोगी मैदानात शर्यत लावून पळाले. पिरोगी म्हणजे काय ते विचारलं, तर कळलं की बटाट्याचं सारण भरलेली करंजी. ज्या गावात करंज्यांची शर्यत लावतात ते गाव आपलं, असं मी तिथेच ठरवून टाकलं. मग नोकरी इथेच, लग्नानंतर घर इथेच, मुलगा इथलाच.

या खेळाशी आमच्या लोकांचं एक धागाभर नातं तुम्हीच जोडलं होतंत. २००८ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातली दोन भाला फेकणारी मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, तुमच्या संघाने करारबद्ध केली. दोघेही वरपर्यंत पोचले नाहीत, पण त्या वर्षी इथल्या किती भारतीय घरांत पहिल्यांदा बेसबॉल लागला! कोणी बघत नाही तिथे बघायची हौस या संघाला होती, हे मला आजही आठवतं.

२०१३ साली माझे बाबा इकडे आले होते. सांगलीत त्यांनी आयुष्यभर क्लब क्रिकेटचे स्कोअर लिहिले, त्यामुळे आकड्यांचा खेळ त्यांना चार दिवसांत कळला. १ ऑक्टोबरला सिनसिनाटी रेड्सविरुद्ध वाइल्ड कार्डचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना होता, एकवीस वर्षांनंतरचा आमचा पहिला पोस्टसीझन. सगळं मैदान काळ्या कपड्यांत. लोकांनी त्यांच्या पिचरचं (आपल्या भाषेत गोलंदाजाचं) नाव लांबवून लांबवून म्हणायला सुरुवात केली, ‘क्वे-टो, क्वे-टो’. त्याच्या हातून चेंडू चक्क खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आपल्या रसेल मार्टिनने होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, मारला. बाबा खुर्चीवरून उठून म्हणाले, “अगं, हे तर आपल्या सांगलीतल्या फायनलपेक्षा भारी!” मला हसू आलं, पण त्यांच्या लेखी याहून मोठी पावती नव्हती. आता ते सांगलीत असतात. फोनवर अजूनही पायरेट्सची चौकशी करतात. फक्त प्रश्न बदललाय. पूर्वी विचारायचे, “जिंकले का?” आता विचारतात, “या वेळी कोण गेलं?”

इतकं सांगितलं ते एवढ्यासाठी की मी फटाके बघायला किंवा मान डोलावणारी बाहुली फुकट न्यायला येणाऱ्यांपैकी नाही. (त्यांच्याविषयी तक्रार नाही. शुक्रवारचे फटाके खरंच सुंदर असतात. मात्र मैदान भरायला दारूकामाची गरज लागते, यावर तुमच्या कार्यालयात कोणीतरी एक दिवस विचार करायला हरकत नाही.)

आणि हे मैदान आमचंही आहे. १९९७ मध्ये अकरा काउंट्यांच्या मतदारांनी स्टेडियमसाठी कर वाढवायला मतपेटीतून ‘नाही’ सांगितलं होतं. मग ‘प्लॅन बी’ निघाला, आणि २००१ मध्ये मैदान उभं राहिलंच, मोठा भाग सार्वजनिक पैशातून. अ‍ॅलेगेनी काउंटीत विक्रीकर सात टक्के, शेजारच्या काउंटीत सहा. त्या जास्तीच्या टक्क्यातला काही वाटा स्टेडियमकडे जातो. म्हणजे मी टोस्टर विकत घेतला तरी तुमच्या दारात चिमूटभर मीठ टाकलेलं असतं. त्या मिठाला जागून चार गोष्टी विचारते.

पहिली तक्रार जुनी आहे, पण तीच माझ्या मनात सर्वांत खोल बसली आहे. २०१५ चा हिवाळा.

त्या वर्षी आपण ९८ सामने जिंकलो. अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, आपल्यापेक्षा जास्त विजय फक्त सेंट लुईसचे होते. वाइल्ड कार्डच्या एका सामन्यात शिकागो कब्जच्या जेक अ‍ॅरिएटाने आपल्याला शून्यावर गुंडाळलं, हे दुर्दैव. त्याबद्दल तुम्हाला बोल नाही. बोल आहे तो पुढच्या चार महिन्यांबद्दल. ९८ विजयांच्या संघाला कुठे डागडुजी हवी ते सगळ्यांना दिसत होतं. तुम्ही काय केलंत? नील वॉकर, याच गावात वाढलेला आपला सेकंड बेसमन, न्यूयॉर्क मेट्सला दिलात आणि बदल्यात जॉन नीस हा पिचर आणलात. पिचर जे. ए. हॅप शेवटच्या दोन महिन्यांत आपल्यासाठी सात सामने जिंकला होता (सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात), तो टोरांटोला गेला. त्यांनी त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. ए. जे. बर्नेट निवृत्त झाला, त्याच्या तोडीचा कोणी आला नाही. पेड्रो अल्वारेझने २७ होमरन मारले होते, त्याला कराराविना सोडून दिलंत. (अल्वारेझची फर्स्ट बेसवरची फील्डिंग बघवत नव्हती, हे मी मान्य करते.)

पुढच्या वर्षी हॅपने टोरांटोसाठी वीस सामने जिंकले. नीस १ ऑगस्टला पुन्हा मेट्सकडेच रवाना झाला, आणि त्याच्या बदल्यात आला अँटोनियो बास्टार्डो, जो वर्षापूर्वी आपल्याकडेच होता आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही मेट्सकडे जाऊ दिला होता. फिरून फिरून भोपळे चौकात! आपण ७८ सामने जिंकलो. बाबांना हा व्यवहार समजावून सांगताना मला अर्धा तास लागला आणि शेवटी ते म्हणाले, “म्हणजे घरचा मुलगा देऊन काहीच आणलं नाही.” त्याहून थोडक्यात कोणी सांगू शकेल असं वाटत नाही.

त्या हिवाळ्यानंतर दहा वर्षं झाली. पोस्टसीझनचा एकही सामना या मैदानावर झालेला नाही.

दुसरी तक्रार २०१८ ची. जानेवारीत तीन दिवसांच्या आत आपला पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला आणि बॅटर अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. कोलने पुढच्याच वर्षी एका हंगामात ३२६ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि नंतर न्यूयॉर्कच्या यँकीजकडून ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार घेतला. तेवढे तुम्ही देऊ शकला नसता, ठीक. पण कोल गेल्यावर सहा महिन्यांत तुम्हाला अचानक जिंकायची घाई झाली आणि ख्रिस आर्चर या पिचरसाठी टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन तरुण टॅम्पाला दिलेत. आर्चरने आपल्यासाठी सहा सामने जिंकले आणि बारा हरले. ग्लासनाउ दोन आठवड्यांपूर्वी डॉजर्सच्या कपड्यांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकताना दिसला. हा निर्णय आधीच्या व्यवस्थापनाचा होता, चेरिंग्टनसाहेब, तुमचा नव्हे. मालक मात्र तेच होते. २००७ पासून तेच आहेत.

तिसरी तक्रार सरळ आकड्यांची आहे आणि ती चेरिंग्टनसाहेबांना आहे.

मराठी वाचकांसाठी दोन वाक्यं: बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो, फ्री एजंट, आणि मग हिवाळ्यात तो ज्याच्याशी पटेल त्याच्याशी करार करतो. थोडक्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बेसबॉलचा लग्नसराईचा काळ. आपल्या घरी मात्र अनेक वर्षं कोणी ‘बघायला’ येत नाही.

फ्री एजंटला एकाहून जास्त वर्षांचा करार आपण शेवटचा दिला तो डिसेंबर २०१६ मध्ये. इव्हान नोव्हाला तीन वर्षांसाठी २ कोटी ६० लाख डॉलर दिले होते. तेव्हा माझा मुलगा दुपट्यातून नुकता बाहेर पडला होता, आता तो सहावीत आहे. चेरिंग्टनसाहेब, तुम्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये आलात. तुमच्या कारकिर्दीत असा एकही करार झालेला नाही. क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा फ्री एजंट करार अजूनही फ्रान्सिस्को लिरियानोचा, २०१४ च्या डिसेंबरातला, ३ कोटी ९० लाखांचा. गेल्या हिवाळ्याची खरेदी बघा: टॉमी फॅम, अ‍ॅडम फ्रेझियर, अँड्र्यू हीनी, केलेब फर्ग्युसन, टिम मेझा. प्रत्येकाला एक वर्ष. आठवडी बाजार उठायच्या वेळी जाऊन पाटीत उरलेली भाजी घासाघीस करून आणावी, तशी ही यादी आहे. भाजी खराब नसते, पण पाहुणे यायचे असतील तर सकाळी जावं लागतं.

फळ काय मिळालं? २०२५ मध्ये आपल्या संघाने ५८३ रन केले, तीस संघांत सर्वांत कमी. होमरन ११७, तेही सर्वांत कमी. संघात सर्वांत जास्त होमरन ओनील क्रूझचे, वीस. सुरुवात १२ विजय, २६ पराभव अशी झाली तेव्हा मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलंत. डॉन केली इथलाच माणूस, त्याने पडझड थोपवली. शेवटी ७१ विजय, ९१ पराभव. आमच्या मंदिरातल्या मंडळींत एक विनोद आहे की गणपती बसायच्या आधीच पायरेट्सचं विसर्जन झालेलं असतं. यंदा गणपती २७ ऑगस्टला आले, आणि विनोद पुन्हा खरा ठरला.

याच संघाची दुसरी बाजू बघा. पिचिंग देशातल्या चांगल्या संघांच्या रांगेत. आपला पिचर पॉल स्कीन्स याचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावांची सरासरी) १.९७, स्ट्राइकआउट २१६. बुधवारी त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, एकमताने. आणि त्याचा विजय-पराभवाचा हिशेब? १०-१०. इतकं टाकूनही जितके विजय तितकेच पराभव त्याच्या नावावर, कारण तो धावा वाचवत होता आणि बाकीच्यांनी करायच्या धावा होतच नव्हत्या. हा आकडा तुम्ही फ्रेम करून कार्यालयात लावा. तुमच्या गेल्या हिवाळ्याचं एवढं नेमकं वर्णन दुसरं नाही.

बुधवारी रात्री पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आम्ही सगळे जागे होतो. मुलाने तीस नंबरचा टी-शर्ट घातला होता. नाव ऐकल्यावर त्याने उडी मारली, घरभर पळाला, आणि मग येऊन सोफ्यावर टेकला आणि विचारलं, “आई, हा कधी जाणार?”

जाणार का, असं नाही विचारलं. मी सांगायच्या आधी त्याने स्वतःच बोटं मोजली. २०२६, २७, २८, २९. “म्हणजे मी पंधरा वर्षांचा असेन.” लगेच यँकीजमध्ये जायची स्कीन्सची इच्छा आहे म्हणे, अशी बातमी फिरते आहे, ती मुलाने शाळेत ऐकली होती. स्कीन्सने ती नाकारली हेही त्याला ठाऊक होतं. पण त्याने बातमीवर विश्वास ठेवला होता, स्कीन्सवर नाही. नटिंगसाहेब, अकरा वर्षांच्या मुलाला करारांची कलमं पाठ आहेत आणि आशा ठेवता येत नाही, हे तुमच्या ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहिता?

तो शिकला कुठून? आमच्याकडून. आणि आम्ही? या गावाचे जुने लोक मला पहिल्या वर्षीच १९९२ सांगत होते. पोस्टसीझनमध्ये अटलांटाविरुद्ध सातवा, निर्णायक सामना, शेवटचा चेंडू, आपल्या बॅरी बाँड्सची थ्रो, आणि अटलांटाचा सिड ब्रीम धावत येऊन होम प्लेटवर घसरला. आपण हरलो. ब्रीम १९९० पर्यंत आपलाच होता, फ्री एजंट होऊन गेला होता. त्याच डिसेंबरात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सहा वर्षांचे ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर घेऊन. नंतर सलग वीस हंगाम आपण जिंकलो त्यापेक्षा जास्त हरलो. तेव्हा मालक दुसरे होते, हे मान्य. पण त्या गोष्टीची भीती अजून इथे प्रत्येक घरात जिवंत आहे, आणि तुमचा प्रत्येक हिवाळा तिला खाऊ घालतो.

चौथी तक्रार लहान आहे. यंदा जुलैच्या शेवटी पिचर डेव्हिड बेडनार यँकीजला दिलात. मार्स नावाच्या शेजारच्या गावचा मुलगा, इथल्याच शाळेत शिकलेला, शेवटच्या इनिंगला मैदानात येताना लोक उभे राहायचे. त्याच सुमारास की-ब्रायन हेजला सिनसिनाटीला दिलंत. त्याच्या आठ वर्षांच्या करारातली चार वर्षंही पुरी झाली नव्हती. हेजची बॅट चालत नव्हती, त्यामुळे या व्यवहाराला मी चूक म्हणत नाही. उलट आम्हाला सांगितलं गेलं की पुढच्या वर्षांच्या पगाराची जागा मोकळी झाली. छान. माझा प्रश्न एवढाच, मोकळी झालेली जागा पुढे कोणाच्या नावावर होणार आहे?

आता तुमची बाजूही मांडते, कारण ती खरी नाही असं नाही. पिट्सबर्ग लहान बाजार आहे. टीव्हीचे पैसे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारखे येत नाहीत. बेसबॉलमध्ये पगाराला मर्यादा नाही, म्हणून इथल्याच फुटबॉलच्या स्टीलर्सना जे जमतं ते तुम्हाला जमत नाही. पुढच्या वर्षी १ डिसेंबरला खेळाडू संघटनेबरोबरचा करार संपतोय, त्यामुळे सगळेच मालक हात आखडून आहेत. आणि पैसे ओतले म्हणजे यश मिळतं असंही नाही: मेट्सनी ह्वान सोटोला ७६ कोटी ५० लाखांचा करार दिला आणि यंदा ८३ सामने जिंकून घरी बसले.

पण त्याच ८३ विजयांवर सिनसिनाटी प्लेऑफमध्ये गेली, नटिंगसाहेब! आणि मिलवॉकीचा बाजार तर आपल्याहूनही लहान. मेजर लीगमधला सर्वांत लहान. ते यंदा ९७ सामने जिंकले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. गेल्या आठ वर्षांत सात वेळा ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, खेळले. तेही तारे विकतात, हे मला माहीत आहे. कॉर्बिन बर्न्स गेला, डेव्हिन विल्यम्स गेला. पण २०१८ च्या जानेवारीत, तुम्ही कोल आणि मॅककचन काढत होतात त्याच महिन्यात, त्यांनी लोरेन्झो केनला पाच वर्षांचे ८ कोटी डॉलर देऊन बाजारातून उचललं आणि ख्रिश्चन येलिचला ट्रेडमध्ये आणलं. येलिच त्या वर्षी एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला आणि आजही तिथेच आहे. लहान घरातही एखादी वस्तू टिकाऊ घेतात. सगळंच भाड्याने आणत नाहीत.

तुम्हीही हे केलेलं आहे, म्हणून तर राग जास्त. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार दिलेत. मिच केलरला पाच वर्षांचे ७ कोटी ७० लाख. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. दार उघडतं, हे सिद्ध झालंय. फक्त बाहेरून कोणी आत यायचं असेल तर ते बंदच राहतं.

मंदिराच्या पार्किंगमध्ये सध्या एकच विषय आहे, कोण येणार. आमच्यातले निम्मे काइल श्वार्बर म्हणतात. गडी शेजारच्या ओहायोतला, डावखुरा, आणि यंदा एकट्याने ५६ होमरन. अख्ख्या पायरेट्सच्या निम्म्याच्या जवळपास! आपल्या उजव्या मैदानाची भिंत आपला दिवंगत महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या शर्टावरच्या नंबरावरून २१ फूट उंच बांधली आहे, पण अंतर ३२० फूट आहे, डावखुऱ्याने नीट मारला तर चेंडू थेट नदीच्या वाटेला लागतो. (याच भिंतीवरची २१ ची खूण यंदा जाहिरातीखाली गेली होती आणि क्लेमेंटेंच्या मुलाने आवाज उठवल्यावर परत आली. चूक सुधारलीत, म्हणून एका कंसात सोडून देते.) श्वार्बर बत्तीस वर्षांचा आहे, धावत नाही, फील्डिंग करत नाही, शिवाय फिलाडेल्फिया त्याला सहज सोडणार नाही. मला स्वतःला तो येईल असं वाटत नाही. पण तुम्ही त्याच्या दारात गेलात, खरा आकडा घेऊन गेलात, हे जरी कळलं तरी या गावात दिवाळी पुन्हा होईल.

माझं मत वेगळं आहे. हेज गेल्यापासून थर्ड बेस रिकामा आहे. युहेनियो सुआरेझ ४९ होमरन मारून मोकळा झालाय. स्ट्राइकआउट खूप होतो, वयाने चौतीसचा, म्हणजे त्याला सात वर्षं द्यायला कोणी सांगत नाही. दोन पुरेत. रायन ओहर्नसारखा शांत, कामाचा डावखुरा बॅटर आहे, त्याच्यावर मोठ्या क्लबांची झुंबड उडणार नाही. जपानहून कझुमा ओकामोटो येऊ पाहतोय. मुनेताका मुराकामी तरुण आहे, पण फार महाग पडेल आणि वेगवान चेंडूंवर त्याचं काय होईल याची मला शंका आहे. काइल टकरचं नाव मी काढत नाही, सांगलीकर असले तरी व्यवहार कळतो.

कॉनर ग्रिफिन येतोय, बब्बा चँडलर आलाच आहे, मुलं वर येतील तेव्हा बघू, हे उत्तर देऊ नका. ग्रिफिन एकोणीस वर्षांचा आहे. पोराच्या खांद्यावर घराचं छप्पर ठेवायचं नसतं. आधी खांब रोवा, मग तो मोकळेपणी खेळेल.

तर मागण्या. वर्ल्ड सिरीज मागत नाही.

या हिवाळ्यात बाहेरच्या निदान एका बॅटरला दोन किंवा जास्त वर्षांचा करार द्या. नऊ वर्षांचा उपास मोडा. ७ डिसेंबरपासून ऑर्लँडोला विंटर मीटिंग्ज आहेत, तिथे पहिल्या दिवशी बाजारात उतरा, फेब्रुवारीत नव्हे.

स्कीन्सपुढे दीर्घ कराराचा खरा प्रस्ताव ठेवा. तो नाही म्हणेल, बहुधा म्हणेलच. तरी आम्हाला सांगा की ठेवला होता. आकडा नको, फक्त एवढंच की प्रयत्न झाला.

हेज आणि बेडनारमुळे वाचलेला पैसा २०२६ च्या संघात गेला का, याचं उत्तर नटिंगसाहेबांनी स्वतः, पत्रकारांसमोर, प्रश्न घेऊन द्यावं. छापील निवेदन नको. तरुण पिचर विकून बॅटर आणणार असाल तर आणा, पण मग आलेला बॅटर टिकवा. पुढच्या जुलैत त्याचाही लिलाव नको. आणि पैशांची मर्यादा काय आहे ती एकदा उघड सांगा. मोठी नसेल तरी चालेल. घरात पैसे किती आहेत हे माहीत असलं की माणूस त्यात भागवतो. रागावतो तो लपवल्यावर.

माझ्या हातात काय आहे, तर बारा सामन्यांच्या तिकिटांचं पॅकेज, जे आम्ही दर वर्षी घेतो. अर्ज अजून टेबलावर आहे. मुलाने त्याच्या पाठीमागे पेन्सिलने नावं लिहून ठेवली आहेत: श्वार्बर, सुआरेझ, ओहर्न, ओकामोटो. प्रत्येकापुढे एक चौकोन आखलाय, बरोबरची खूण करायला. त्याने मला सांगून ठेवलंय की एका चौकोनात खूण झाली तर सही करायची. चारही रिकामे राहिले तर काय, हे मी विचारलं. तो म्हणाला, “तेव्हाचं तेव्हा बघू, आजोबा म्हणतात तसं.”

कळावे,
आपली,
तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर बसणारी एक सांगलीकर

ता. क. : अँड्र्यू मॅककचनचाही करार संपलाय. एकोणचाळीस वर्षांचा आहे, पाय पूर्वीचे राहिले नाहीत, यंदा १३ होमरन. तरीही जूनमध्ये त्याने क्लबच्या होमरनच्या यादीत क्लेमेंटेंना मागे टाकलं तेव्हा मी रडले. ठेवणार असाल तर ठेवा, नसाल तर त्याला आधी फोन करून सांगा आणि मग आम्हाला. पण त्याला ठेवलं म्हणजे बॅटर आणला, असं कृपा करून मोजू नका. माझा मुलगा मोजणार नाही. त्याच्या कागदावर मॅककचनपुढे चौकोन नाही, नुसतं नाव आहे.